‘गॅरेजमध्ये आहे’ म्हणजे नेमके काय? एका सायलेन्सरची हकिगत

आखातात कोणीच गेलेले नाही असा मोहल्ला आपल्या कोकणपट्टीत क्वचितच सापडेल. मुलगा बँकेत असला तर घरचे बँकेचे नाव सांगतात, दवाखान्यात असला तर दवाखान्याचे. गॅरेजमध्ये असला की उत्तर एवढेच येते, “शारजाला गॅरेजमध्ये आहे.” पुढे कोणी विचारत नाही आणि सांगणाऱ्यालाही त्यापलीकडे माहीत नसते. लग्नाच्या बोलणीतही हा विषय तिथेच संपतो. जणू काळे हात आणि ऑइलचा वास एवढेच त्या कामात असते.

म्हणून या लेखात मी एकच काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगणार आहे. ते केले माझ्या बहिणीच्या मुलाने. तो दापोली तालुक्यातला. दहावीनंतर आयटीआयमधून वेल्डरचा एक वर्षाचा कोर्स केला आणि आता सहा वर्षे शारजाच्या औद्योगिक भागात एका गॅरेजमध्ये आहे. काम होते एका क्वाड बाइकचा सायलेन्सर बाजूला काढून मधोमध बसवण्याचे. बाजारात तयार मिळणारा सायलेन्सर आणून नटबोल्ट आवळण्याचे हे काम नव्हते, पाइप कापण्यापासून सगळे हाताने करायचे होते. तीन आठवडे रोज रात्री त्याचे फोटो येत होते. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे माझे प्रश्न संपत नव्हते आणि त्याची उत्तरेही.

क्वाड म्हणजे चार जाड टायरांची, हँडलने चालणारी मोटारसायकल. नागाव, काशीदच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फेऱ्या मारणाऱ्या गाड्या वाचकांनी पाहिल्या असतील. त्या साध्या. स्पोर्ट क्वाड ही वेगळी जात. हलकी, एकाच माणसाची, मागच्या चाकांना चेनने ताकद देणारी, आणि वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारण्यासाठी लांब सस्पेन्शन असलेली. यामाहाची रॅप्टर 700 ही त्यातली सर्वांत ओळखीची. 2006 साली ती आली. इंजिन 686 सीसीचे आणि तेही एकाच सिलिंडरचे. बुलेट 350 च्या सिलिंडरच्या जवळजवळ दुप्पट आकाराचा एक सिलिंडर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे त्याचा धक्का आणि आवाज काय असेल ते कळेल. दुबईहून हत्ताकडे जाणाऱ्या रस्त्यावर अल बदायरची लाल वाळू आहे. थंडीच्या दिवसांत सुट्टीला तिथे या गाड्यांची जत्रा भरते. उन्हाळ्यात तिकडे कोणी फिरकत नाही. मग क्वाड गॅरेजमध्ये येतात आणि हौशी मालक त्यात बदल करून घेतात.

रॅप्टरचा धूर सिलिंडरच्या पुढच्या बाजूने बाहेर पडतो. तिथून बेंड पाइप उजवीकडे वळून मागे जातो आणि सायलेन्सर उजव्या मडगार्डखाली संपतो. मालकाला तो मधोमध हवा होता, मागच्या दोन मडगार्डांच्या बरोबर मध्ये, पकडायच्या दांडीखाली. कारणे विचारली तर पहिले कारण दिसणे हेच, त्यात लपवण्यासारखे काही नाही. पण बाकीची कारणेही खोटी नाहीत. गाडी कुशीवर पडली की बाजूचा सायलेन्सर आधी चेपतो. उजव्या पायाला आणि कपड्यांना त्याची धग लागते. वजन एका बाजूला असते ते मध्यावर येते. तोटेही आहेत, ते मात्र कोणी मालकाला सांगत नाही. वजन मागे आणि वर सरकते, आणि उभ्या टेकडीवर चढताना पुढची चाके उचलू पाहणाऱ्या गाडीत हे काही फार चांगले नाही. भाच्याने ते सांगितले. मालक हसला आणि आगाऊ रक्कम देऊन गेला.

हे काम खरे तर भाच्याचे नव्हते. गॅरेजमध्ये पेशावरकडचे एक बुजुर्ग उस्ताद पाइपचे काम करतात. ते दोन महिन्यांच्या सुट्टीवर गावी गेले होते. भाचा कागदावर हेल्पर आहे. सहा वर्षांपैकी शेवटची चार तो वेल्डिंग करतो, पगार मात्र हेल्परचा. गॅरेजवाल्याने विचारले, “तू करशील? बिघडलं तर पाइपचे पैसे पगारातून जातील.” स्टेनलेसचा पाइप आणि त्याचे बेंड स्वस्त नसतात. त्याने रात्री मला फोन केला, आईला नाही. आईने नको म्हटले असते.

“खाला, उस्ताद करताना मी बघितलंय. पण बघणं वेगळं.”

मी म्हटले, बघितलेले सगळे आधी कागदावर लिहून काढ. शिक्षकाला दुसरे काय सुचणार?

लांबीचे गणित

माझा पहिला प्रश्न अगदी बाळबोध होता. पाइप तर धूर बाहेर नेण्यापुरता, मग तो दोन वीत लांब झाला काय आणि आखूड झाला काय, इंजिनला काय फरक पडतो?

पडतो. नववीत आपण मुलांना आवाजाचे परावर्तन शिकवतो, डोंगरासमोर ओरडले की प्रतिध्वनी येतो ते. पाइपमध्येही तेच घडते. जळालेला वायू बाहेर सोडणारी झडप उघडते तेव्हा दाबाची एक लाट पाइपमधून धावत सुटते. पाइप जिथे एकदम रुंद होतो किंवा संपतो तिथून ती लाट उलटून परत येते आणि परतताना तिचा स्वभाव बदललेला असतो. गेली ती ढकलणारी, आली ती ओढणारी. ही ओढ नेमक्या क्षणी झडपेपाशी पोहोचली तर सिलिंडरमधला उरलासुरला धूर खेचून घेते आणि ताज्या हवेला जागा करून देते. उशिरा किंवा लवकर पोहोचली तर तिचा उपयोग नाही, कधी कधी अडथळाच होतो.

आता हिशेब पाहा. इंजिन मिनिटाला 6,000 फेरे घेत असेल तर सेकंदाला 100 झाले, म्हणजे एका फेऱ्याला सेकंदाचा शंभरावा भाग. झडप उघडल्यापासून ती ओढ हवी असते त्या क्षणापर्यंत अर्ध्या फेऱ्याहून थोडा जास्त वेळ जातो. ढोबळमानाने सेकंदाचे सहा हजारांश. साध्या हवेत आवाज सेकंदाला 340 मीटरच्या आसपास जातो, तापलेल्या धुरात 500 च्या पुढे. सहा हजारांश सेकंदात लाट 3 मीटर चालली, जाऊन येऊन. म्हणजे पाइपची लांबी दीड मीटरच्या आसपास. फेरे 8,000 वर नेले की हीच लांबी मीटरभरावर येते. खऱ्या इंजिनात याहून बऱ्याच गोष्टी लक्षात घ्याव्या लागतात, पण मुद्दा कळायला एवढे पुरे. पाइप लांब केला तर गाडी खालच्या फेऱ्यांत जोर धरते, आखूड केला तर वरच्या. सायलेन्सर मधोमध न्यायचा तर पाइपला एक जादा वळण द्यावे लागते आणि लांबी वाढते. वाळूत चढताना खालचा जोर लागतोच, त्यामुळे थोडी वाढ चालण्यासारखी होती. किती, ते उस्तादांनी फोनवर सांगितले, ते पेशावरहून आणि हा शारजाहून. बोटांनी वीत मोजून सांगितलेले माप भाच्याने टेपने मोजले. दोन्हींत अर्ध्या इंचाचाही फरक नव्हता, असे तो म्हणतो.

इथे एक समज खोडून काढायला हवा, कारण आपल्याकडचे मेकॅनिकही तो छातीठोकपणे सांगतात. इंजिनला ‘बॅक प्रेशर’ लागते, ते नसेल तर पिकअप जातो, असे म्हणतात. मागे रेटणारा दाब कोणत्याच इंजिनला हवा नसतो. गरज असते ती वायूच्या वेगाची. फार रुंद पाइप घातला की धूर संथ होतो, लाटेतला जोर जातो आणि खालचा पिकअप मरतो. अनुभव खरा, कारण चुकीचे सांगितलेले. वर्गातही असे बरेच होते.

जागा कुठे आहे?

मडगार्ड, सीट, पेट्रोलची टाकी काढून गाडी उघडी केली. बॅटरीच्या तारा सोडल्या, कारण गाडीवर वेल्डिंग करताना वीज उलट फिरून इंजिनचा संगणक जळू शकतो. टाकी नुसती काढून ठेवली नाही, तर गॅरेजबाहेर नेली. हे मी मुद्दाम लिहिते आहे. आपल्या गावात टाकी जागेवर ठेवून शेजारी वेल्डिंग करणारे मी पाहिले आहेत.

सायलेन्सर मध्ये बसवायला मोकळी जागा दिसते तेवढी नसते. तिथे मागचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर आहे, हवेचा डबा आहे, दिव्याच्या तारा आहेत आणि खाली मागचा धुरा आहे. हा धुरा स्थिर नसतो. रॅप्टरचे मागचे चाक सुमारे दहा इंच वरखाली होते. गाडी स्टँडवर असताना चार बोटे मोकळी दिसणारी जागा उडी मारून खाली आपटताना शून्य होते. म्हणून त्याने शॉक पूर्ण काढला, जॅकने धुरा जितका वर जाईल तितका वर नेला आणि त्या स्थितीत मापे घेतली. यात अख्खा दिवस गेला. मालक येऊन गेला आणि “अजून काहीच केले नाही?” असे म्हणाला.

वळणे कशी करायची हा पुढचा प्रश्न. साधा पाइप वाकवला की वळणावर तो चेपतो, जसा रबरी नळ चेपतो. चेपला की तिथे वाट अरुंद झाली. कारखान्यात पाइपच्या आत गोळा सरकवत वाकवतात, त्यामुळे गोलाई टिकते. असे तयार बेंड विकत मिळतात. जुने कारागीर पाइपमध्ये कोरडी वाळू ठासून, तोंडे बंद करून, तापवून वाकवत. आणि जिथे कुठलाच तयार बेंड बसत नाही तिथे कलिंगडाच्या फोडीसारखे तिरके तुकडे कापून एकेक जोडत वळण घडवायचे. भाच्याने दोन बेंड विकत आणले. शॉकच्या मागून मध्यावर येणारे एक अवघड वळण मात्र अशा सात फोडींचे केले. सात फोडी म्हणजे सहा सांधे, आणि फोडी कापताना प्रत्येकीत अर्ध्या अंशाची चूक झाली तर शेवटी तोंड भलत्याच दिशेला जाते. त्याने आधी पुठ्ठ्याच्या फोडी कापल्या, चिकटपट्टीने जोडून गाडीवर धरून पाहिल्या आणि मगच पोलादाला हात लावला. तो फोटो माझ्याकडे आहे. चाळीस हजारांच्या यंत्राने करायचे काम बिस्किटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर केलेले.

सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांच्यासाठी लोखंड मऊ केल्याचा उल्लेख आहे, आणि त्याला लागूनच चिलखताच्या कड्या मापात बसवण्याची ताकीद आहे. मी ही आयत कितीतरी वेळा वाचली होती. मऊ लोखंडाकडे लक्ष जायचे, मापाकडे कधी गेले नव्हते.

टाके, शिवण आणि साखर

सगळे तुकडे आधी गाडीवरच छोट्या टाक्यांनी धरायचे, कापडाला कच्ची शिवण घालतात तसे. बसले की काढून टेबलावर पक्के करायचे. स्टेनलेसला आर्गन वेल्डिंग लागते. आर्गन वायू वितळलेल्या धातूवर पांघरूण धरतो आणि हवेतला ऑक्सिजन लागू देत नाही. बाहेरच्या बाजूने हे सगळेच करतात. आतल्या बाजूचे काय? पाइपच्या आत हवा असतेच. सांध्याची आतली बाजू त्या हवेत तापली की खडबडीत, दाणेदार, काळी पडते. कारागीर त्याला ‘साखर’ म्हणतात. बाहेरून सुंदर दिसणारी शिवण आतून साखर झालेली असेल तर सहा महिन्यांत तिथेच तडा जातो. उपाय एकच, पाइपची दोन्ही तोंडे बंद करून आतही आर्गन भरायचा. त्यात वायू जास्त खर्च होतो, म्हणून बरीच गॅरेजे ते करत नाहीत. गिऱ्हाइकाला आत डोकावता येत नाही ना.

भाच्याने आत आर्गन भरला. गॅरेजवाला कुरकुरला. शिवणीचा रंग पाहून काम कळते, फिकट सोनेरी आला तर उत्तम, निळसर आला तर चालेल, राखाडी आला तर धातू जास्त तापला. सहापैकी पाच सांधे सोनेरी आले. सहावा राखाडी आला, तो कापून परत केला. हा सांधा मधल्या वळणात होता, मडगार्डाखाली लपणारा. काम चोख करण्याला आपल्याकडे इत्कान म्हणतात. हा शब्द खुत्ब्यात ऐकला की आपल्याला नमाज-रोजे आठवतात, ग्राइंडर आठवत नाही.

यानंतरची गोष्ट आठवीच्या पुस्तकातली आहे आणि त्याच गोष्टीने घरगुती सायलेन्सर सर्वांत जास्त तुटतात. धातू तापला की वाढतो. 304 जातीचे स्टेनलेस एका अंशाला, मीटरमागे सुमारे 17 सहस्रांश मिलिमीटर वाढते. ऐकायला काहीच नाही. पण पाइप 500 अंशांनी तापला तर मीटरभर लांबी साडेआठ मिलिमीटरने वाढते, जवळजवळ एक सेंटिमीटर. दोन्ही टोके बोल्टने घट्ट आवळलेली असतील तर ही वाढ जाणार कुठे? पाइप स्वतःलाच वाकवतो आणि सांधा फाटतो. वर त्या एका मोठ्या सिलिंडरची थरथर. म्हणून पाइप एका जागी दुसऱ्या पाइपमध्ये नुसता सरकवून ठेवतात आणि स्प्रिंगांनी ओढून धरतात, वेल्ड करत नाहीत. सायलेन्सरही रबरी बुशांवर टांगतात. त्याला हलायला जागा हवी. मी मुलांना रेल्वेच्या रुळांमधली फट सांगायचे. आता स्प्रिंगचा फोटो दाखवते, मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात.

आवाजाचा डबा

सायलेन्सरचे पोट दोन प्रकारचे असते. कारखान्याचे बहुतेक सायलेन्सर आत खोल्या पाडलेले असतात. आवाज एका खोलीतून दुसरीत जाताना आपटून आपटून थकतो. हौशी सायलेन्सर साधे असतात, मधून भोके पाडलेली सरळ नळी, तिच्याभोवती ग्लासवूल आणि बाहेर डबा. आवाज भोकांतून लोकरीत शिरतो आणि तिथेच उष्णता होऊन विरतो. ही लोकर हळूहळू जळून, उडून जाते. मग सायलेन्सर मोठ्याने बोलू लागतो आणि मालकाला वाटते गाडी जोरात आली. लोकर बदलली पाहिजे, एवढेच त्याचे म्हणणे असते.

मालकाला शेवटच्या तोंडातली जाळी आणि आवाज दाबणारा आतला तुकडा नको होता. त्याच्या मित्राच्या गाडीचा आवाज दोन टेकड्यांपलीकडे जातो म्हणे. इथे माझा भाचा अडला. ठिणगी अडवणारी जाळी वाळवंटात कशाला, असा सवाल होता. अमेरिकेत जंगल खात्याच्या जमिनीवर अशी जाळी नसलेली गाडी नेताच येत नाही, कारण एका ठिणगीने रान पेटते. कॅलिफोर्नियातल्या ग्लॅमिसच्या वाळूत तर रान नाही, तरी आवाज मोजतात. नळीच्या तोंडापासून अर्धा मीटरवर यंत्र धरून 96 डेसिबलच्या वर गेला तर गाडी बाहेर. अल बदायरमध्ये रान नाही, पण तंबू आहेत, शेकोट्या आहेत, कुटुंबे बसलेली असतात आणि त्यांत लहान मुले असतात. आणि गाडी कधीतरी रस्त्याला लागली तर 2017 च्या नियमांत गोंगाट करणाऱ्या वाहनाला 2,000 दिरहम दंड आणि 12 काळे गुण आहेत.

डेसिबलचा हिशेब फसवा असतो, म्हणून थोडे थांबते. दहा डेसिबल वाढले म्हणजे आवाजाची ऊर्जा दसपट झाली, आणि कानाला तो दुप्पट वाटतो. 85 डेसिबलमध्ये आठ तास काम करणे ही साधारण मर्यादा मानतात, त्यापुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. 88 ला चार तास, 91 ला दोन, 100 ला पंधरा मिनिटे. हे गणित सर्वांत आधी लागू होते ते मालकाला नाही, गॅरेजमध्ये दिवसभर गाडी चालू करून पाहणाऱ्या मुलाला. मी त्याला कानात घालायच्या बोळ्यांबद्दल विचारले. “इथे कोण घालतं, खाला?” असे उत्तर आले. पुढच्या पार्सलात खजुरांऐवजी बोळे पाठवणार आहे, असे मी त्याला सांगितले.

शेवटी तोडगा निघाला. आतला तुकडा एका बोल्टवर ठेवला. मालकाला काढायचा तर त्याने स्वतः काढावा, गॅरेजमधून गाडी तो लावूनच बाहेर जाईल. मला हा तोडगा अर्धाच वाटतो. पण परक्या मुलखात कागदावर हेल्पर असलेल्या मुलाने एवढे तरी म्हटले, आणि गॅरेजवाल्याने ते मान्य केले.

राहिले इंधन. सायलेन्सर मोकळा केला की इंजिन जास्त हवा ओढते. पेट्रोल तेवढेच राहिले तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते, जोर वाढण्याऐवजी पिस्टनवर येते. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला 14.7 किलो हवा लागते, पूर्ण जोरात गाडी यापेक्षा थोडे जास्त पेट्रोल मागते. पूर्वी कार्बोरेटरचा जेट बदलत, आता संगणकातली मापे बदलावी लागतात. त्यासाठी पाइपमध्ये ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवायला एक तोंड आधीच वेल्ड करून ठेवले होते. हे काम दुसऱ्या दुकानातल्या एका केरळी मुलाने लॅपटॉपवर केले. आपल्याकडे सायलेन्सर बदलणाऱ्यांपैकी हे शेवटचे काम करून घेणारे मला तरी भेटलेले नाहीत. मग गाडीला आवाज मिळतो, ताकद मिळत नाही, उलट जाते.

सुट्टीवर येणाऱ्यांसाठी

हीच मुले सुट्टीवर गावी आली की बुलेटला मोकळा सायलेन्सर लावतात. निदान हा तिकडचा हुनर आहे असे तरी म्हणू नये. तो दहा मिनिटांत बसतो. आपल्याकडे 175 सीसीवरच्या मोटारसायकलला कारखान्यातून निघतानाची आवाजाची मर्यादा 80 डेसिबल आहे. शाळा, दवाखाना, न्यायालय यांच्या भोवतालचा 100 मीटर भाग शांतता क्षेत्र असतो, आणि अनेक मशिदी-मदरसे शाळांच्या भिंतीला भिंत लावून आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली आवाजाचे नियम मोडल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकते. परवानगीशिवाय बदल केल्याबद्दल मालकाला कलम 182अ खाली वेगळी शिक्षा. पोलीस असे सायलेन्सर काढून रस्त्यावर मांडतात आणि वरून रोलर फिरवतात, ते व्हिडिओ सर्वांनी पाहिले आहेत. पण कायदा बाजूला ठेवला तरी रात्री अकराला गल्लीतून जाणारी ती गाडी ज्या घरावरून जाते तिथे कोणी आजारी आहे, कोणाचे बाळ आत्ताच झोपले आहे. शेजाऱ्याचा हक्क किती मोठा हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

आईवडिलांसाठी दोन गोष्टी. मुलगा गॅरेजकामाला जाणार असेल तर दहावी पास होऊनच जाऊ द्या. त्याने पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट राहत नाही आणि पुढचे बरेच अडथळे टळतात. आयटीआयचे प्रमाणपत्र मूळ आणि साक्षांकित असे दोन्ही त्याच्याजवळ असू द्या. आणि करारावर कामाचे नाव काय लिहिले आहे ते सही करण्याआधी वाचा. ‘हेल्पर’ हा एक शब्द वेल्डिंग येणाऱ्या मुलाला सहा वर्षे कमी पगारावर ठेवू शकतो. एजंट म्हणतो, तिथे गेल्यावर बदलेल. माझ्या भाच्याचे अजून बदललेले नाही.

क्वाड तिसऱ्या आठवड्यात गेली. पहिल्या फेरीनंतर परत आणायची असे ठरले होते, कारण नव्या सायलेन्सरचे बोल्ट एकदा तापून थंड झाले की सैल होतात. मालक आणेल की नाही शंका होती. त्याने आणली. एक बुश घासली होती, ती बदलली. मडगार्डाच्या प्लास्टिकपासून डबा दोन बोटे लांब ठेवला होता तरी एका जागी प्लास्टिकचा रंग बदलला होता, तिथे पत्र्याची ढाल लावली. सहाव्या सांध्याला काही झाले नव्हते. आतला तुकडा जागेवर होता.

उस्ताद गावाहून परतले. त्यांनी बॅटरी धरून पाइपच्या आत पाहिले, बोट फिरवले, काही बोलले नाहीत आणि चहा मागवला. करार नवा होईल तेव्हा ‘फॅब्रिकेटर’ लिहू, असे गॅरेजवाल्याने म्हटले आहे. तोंडी. सध्या गॅरेजमध्ये एक जुनी बॅन्शी आली आहे, 1987 साली निघालेली, दोन सिलिंडरची टू-स्ट्रोक क्वाड. तिच्यात धूर बाहेर सोडणारी झडपच नसते, पाइपचे पोट फुगीर असते आणि परत येणारी लाट तिथे उलटे काम करते, बाहेर निसटणारे ताजे मिश्रण पुन्हा आत ढकलते. म्हणजे दोन पाइप, दोन्हींची लांबी एकसारखी. भाचा पुठ्ठा जमवतो आहे.